‘ताई करते. मी काही नाही करत.’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईनं लिहिलं आहे. ती पतसंस्थेत नोकरीला आहे, यजमान सरकारी नोकरीत. घरात सासूबाई, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. मुलगी पेटी वाजवते. तिची मध्यमा प्रथम झाली आहे आणि वक्तृत्वाच्या ढाली शोकेसमध्ये आहेत. मुलाला अबॅकसला घातलं, ते त्यानं तिसऱ्या लेव्हलला सोडलं. ताईच्या पेटीला घरातच साथ मिळेल म्हणून तबल्याला घातलं. प्रवेशिका प्रथम दिली आणि त्या दिवसापासून तबल्याला हात लावला नाही. कराटे दोन महिने चाललं. ‘याला कशाचीच आवड नाही’ ही आईची तक्रार. रविवारी तो कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात दोन-दोन तास बसतो, हाका मारून आणावं लागतं. वडील म्हणतात, ‘मोठेपणी पंक्चर काढणार आहेस का?’ आजीनं त्याला आपलं जुनं पायमशीन खोलू दिलं आहे, त्याचे भाग तीन आठवडे पडवीत पसरलेत. शाळेच्या दिवशी सकाळी अधूनमधून त्याचं पोट दुखतं. डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हणून सांगितलं. गौरीजेवणाच्या दिवशी एका पाहुण्यांनी विचारलं, ‘तू काय करतोस रे?’ तो म्हणाला, ‘ताई करते. मी काही नाही करत.’ सगळे हसले, आईही हसली. त्या रात्री तो न जेवता झोपला. आईचे प्रश्न तीन आहेत. याच्यात आवड निर्माण कशी करायची? दोघांना सगळं सारखं दिलं, मग असं का? आणि तो मशीनचा पसारा आता भंगारात देऊ का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी आधी एकदा सरळ वाचलं आणि मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं. दोन वाक्यांखाली रेघा मारल्या. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘याला कशाचीच आवड नाही.’ तिसऱ्या पानावर लिहिलंय, ‘दुकानात दोन-दोन तास बसतो, हाका मारून आणावं लागतं.’ अकरा वर्षांचं मूल दोन तास एका जागी बसतं, जेवायला बोलावलं तरी उठत नाही, याला आपण आवडच म्हणतो ना? मुलगी पेटीवरून उठत नाही तेव्हा तुम्ही तेच म्हणता.

एका रविवारी त्याच्याबरोबर तुम्हीही त्या दुकानात अर्धा तास थांबा. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवतात आणि बुडबुडे कुठून येतात ते शोधतात. तिथं खूण करायची, जागा पुसून कोरडी करायची, घासायची, सोल्युशन लावायचं आणि मग थांबायचं. ते सुकायच्या आत घाईनं पॅच चिकटवला तर दोन दिवसांत निघतो. रिंगचा आउट काढणं तर त्याहून नाजूक. चाक फिरवून ते कुठं घासतंय ते डोळ्यांनी आणि कानांनी पकडायचं. रिंग ज्या बाजूला झुकली असेल त्या बाजूच्या तारा किंचित ढिल्या करायच्या, पलीकडच्या किंचित आवळायच्या. पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं. एकदम जोर लावला की चाक दुसऱ्या बाजूला जातं. चिकाटी, नजर, एक हलवलं की दुसरं काय हलतं याचा अंदाज, हे सगळं तिथं चालतं. अबॅकसच्या वर्गाकडून तुम्हाला हेच हवं होतं. त्याला ते मिळालंय, फक्त फी न भरता.

ते तुम्हाला दिसलं नाही याचा दोष मी तुमच्या माथी मारत नाही. आपल्या घरांत ‘आवड’ या शब्दाचा अर्थच बदललाय. आवड म्हणजे क्लास, ठरलेला वार, ठरलेली वेळ, वर्षाअखेरीला परीक्षा आणि भिंतीवर लावायला प्रमाणपत्र. सायकलच्या दुकानात यातलं काहीच नाही, म्हणून ती आवड तुमच्या यादीत चढली नाही आणि तिचं नाव ‘टाइमपास’ पडलं.

आता तबल्याबद्दल. तुम्ही सहज लिहून गेला आहात की ताईच्या पेटीला साथ मिळेल म्हणून त्याला तबल्याला घातलं. हे वाक्य मुलाच्या बाजूनं वाचून बघा. त्याच्या हातात दिलेलं वाद्यसुद्धा ताईसाठी होतं. तो शिकला असता तरी पेटीच्या शेजारी बसला असता, आणि पाहुण्यांनी आधी पेटीचं कौतुक केलं असतं. अकरा वर्षांच्या मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही. तो फक्त तबला कपाटावर ठेवून देतो. तुम्हाला ते धरसोड वाटतं. मला वाटतं, त्याला त्या घरात स्वतःपुरती एक जागा हवी होती, जिथं ताई आधीच पोचलेली नसेल. सायकलच्या दुकानात ताई कधी गेलेली नाही.

तुम्ही म्हणता, दोघांना सगळं सारखं दिलं. दिलंच असेल. दोघांना सारखे कपडे, सारख्या फिया, सारखा खाऊ. पण ज्या मापानं त्यांना मोजलं तेही एकच होतं, आणि ते मुलीच्या अंगाचं होतं. ती चारचौघांत खुलते, व्यासपीठावर उभी राहते, परीक्षेनं तिला हुरूप येतो. तो बघत बसतो, हाताळतो, मग कधीतरी बोलतो. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं १९५६पासून शंभरावर मुलांचा अगदी तान्हेपणापासून ते मोठी होईपर्यंत माग ठेवला. मुलं जन्मतःच वेगवेगळ्या स्वभावांची असतात, आणि नव्या गोष्टीत सावकाश रुळणारी मुलं हा त्यातला एक अगदी नेहमीचा प्रकार आहे, असं त्यांना दिसलं. त्यांच्या मते मुलाचं पुढं कसं होतं हे नुसत्या स्वभावावर ठरत नाही. घराच्या अपेक्षा त्या स्वभावाशी किती जुळतात यावर बरंच अवलंबून असतं. तुमच्या घराचं तुमच्या मुलीशी छान जुळलं. मुलाशी जुळवायचं राहिलंय, इतकंच.

इथं मला पालघर जिल्ह्यातलं कोसबाड आठवतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत यायची नाहीत, कारण त्यांना गुरं राखायला जावं लागायचं. ‘या मुलांना शिक्षणाची आवडच नाही’ असं म्हणून त्या दोघी गप्प बसू शकल्या असत्या. त्यांनी शाळाच गुरांमागं कुरणात नेली आणि तिथले दगड, पानं, बिया घेऊन मुलांना शिकवलं. कुरणशाळा म्हणत तिला. तुमचं कुरण कोपऱ्यावरच आहे.

पण ताई, आता एक भीती सांगते, कारण अशा पत्रांना उत्तर दिल्यावर पुढं काय होतं हे मी पाहिलंय. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल आणि तुम्ही लगेच सातारा-कराडात रोबोटिक्सचा क्लास शोधाल. मुलाच्या वाढदिवसाला सहाशे तुकड्यांचा महागडा संच येईल. स्टेटसला फोटो जाईल, ‘आमचा छोटा इंजिनिअर’. कृपा करून थांबा.

१९७३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर तो मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडतं अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर तुला सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक तेच दिलं, काहींना काहीच दिलं नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन मांडून ठेवली आणि कोण किती वेळ काढतं ते पाहिलं. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्रं काढलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यात घालवला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे कौतुक करू नये असं नाही. जे मूल आपणहून करतं त्यावर आपण आधीच बक्षिसाची पाटी लावली की त्याच्या लेखी त्या कामाचा मालक बदलतो.

हे मी माझ्या घरात घडवलंय. माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना वहीच्या मागच्या पानांवर मांजरं काढायची. तिला न विचारता त्यातलं एक पान मी फाडून एका स्पर्धेला पाठवलं. उत्तेजनार्थ बक्षीस आलं आणि मी घरभर सांगत सुटले. त्यानंतर वहीच्या मागच्या पानांवर वर्षभर एकही मांजर आलं नाही. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि मला कळायलाही फार उशीर झाला. म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीनं सांगते. त्याची सायकल त्याचीच राहू द्या.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी गौरीजेवणाचा दिवस. तुम्ही त्यावर नुसतं ‘मला वाईट वाटलं’ एवढंच लिहिलंय. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जड वाटलेलं तेच आहे. पाहुणे हसले ते तो विसरेल, आई हसली ते विसरायला वेळ लागेल. त्याला एकट्याला गाठून सांगा, ‘त्या दिवशी तू असं म्हणालास आणि सगळ्यांबरोबर मीही हसले. मला हसायला नको होतं. तुला कसं वाटलं असेल ते मला रात्री कळलं.’ इथंच थांबा. पुढं ‘पण तू पण जरा...’ आणू नका. मुलाची माफी मागायची पद्धत आपल्याकडं नाही हे मला माहीत आहे, तोंडातून शब्द निघणार नाहीत हेही माहीत आहे. भाकरी थापताना म्हणा, त्याच्याकडं न बघता म्हणा, पण म्हणा. तो ‘हं’ करून निघून गेला तरी ते त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं.

पुन्हा पाहुण्यांनी विचारलं तर तुम्ही उत्तर द्यायला पुढं सरसावू नका. ‘अहो, यानं आजीचं अख्खं मशीन खोललंय’ हेही नको. ते त्यानं सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोडा. आणि कुणी तुलना सुरू केलीच, तर ‘दोघांचं वेगवेगळं असतं’ म्हणून चहा आणायला उठा.

एरवी त्याच्याशी बोलताना समोरासमोर बसवून ‘काय झालं सांग’ असं विचारू नका. या वयाची मुलं, विशेषतः कमी बोलणारी, शेजारी बसून काहीतरी करताना बोलतात. शेंगा फोडताना, वाटाणे सोलताना, गाडीवर मागं बसल्यावर. आणि त्याला शब्द द्या. आपण मुलांना ‘राग आला का’ आणि ‘रडू आलं का’ या दोनच प्रश्नांत गुंडाळतो. मराठीत केवढे शब्द आहेत! हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, धास्ती वाटणं, कसंनुसं होणं, कानकोंडं होणं, जीव रमणं, हायसं वाटणं. तुम्ही स्वतःबद्दल ते वापरत जा. ‘आज साहेब सगळ्यांसमोर बोलले, मी अगदी खट्टू झाले.’ ऐकता ऐकता मुलं ते शब्द उचलतात. ज्याला ‘मला ओशाळल्यासारखं झालं’ म्हणता येतं त्याला दर वेळी उपाशी झोपून ते सांगावं लागत नाही.

मग पोटदुखी. तुमच्या यजमानांना ते नाटक वाटतं असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टर ‘काही नाही’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ ‘दुखत नाही’ असा नसतो. ताणामुळं मुलांचं पोट खरोखर दुखतं. आतडी आणि मेंदू यांचं नातं जवळचं आहे, परीक्षेच्या सकाळी आपल्याही पोटात गोळा येतोच. तेव्हा ‘काही होत नाही, ऊठ’ न म्हणता ‘दुखतंय ना, शेक देते, मग निघू’ म्हणा. शाळा मात्र चुकवू देऊ नका, कारण घरी राहिल्यानं आजची सकाळ सुटते आणि उद्याची अवघड होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवसांना बारीक खूण करत जा. महिनाभरानं बघा, त्या वारी शाळेत काय असतं? कुठला तास, कुठले सर, कुठली मुलं शेजारी? आणखी एक साधी गोष्ट तपासा. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून कितीतरी मुलं दिवसभर दाबून ठेवतात, पाणीही पीत नाहीत आणि बद्धकोष्ठानं पोट दुखतं. हे विचारायला कुणालाच सुचत नाही. दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येणं, वजन घटणं, वारंवार उलट्या, ताप, शौचातून रक्त यांपैकी काही दिसलं तर मात्र ताणाचा विचार बाजूला ठेवून पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडं जा.

यजमानांच्या त्या वाक्याबद्दल जरा स्पष्ट लिहिते. ‘पंक्चर काढणार आहेस का?’ हे आपल्याकडं घराघरांत म्हटलं जातं. त्यात मुलाच्या भवितव्याची काळजी असते, मी ती नाकारत नाही. पण मुलाला त्यातून दोन गोष्टी ऐकू येतात. मला जे आवडतं ते हलकं आहे, आणि ज्या काकांशेजारी मी बसतो तेही हलके आहेत. त्या काकांनी आजवर तुमच्या घरातल्या सगळ्या सायकली धडधाकट ठेवल्यात. हातानं काम करणाऱ्याला कमी लेखायची सवय आपल्याला वारशानं मिळाली आहे, ती मुलाच्या हातात देऊ नये असं मला मनापासून वाटतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचारानं. शाळा मधेच सुटलेली मुलंही तिथं वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम करत करत विज्ञान शिकतात, कारण हातानं केलेलं डोक्यात नीट बसतं. तुमचा मुलगा पुढं काय होईल ते मला सांगता येणार नाही. इंजिनिअर होईलच असं मी म्हणणार नाही, आणि दोन वर्षांनी त्याला सायकलींचा कंटाळाही येऊ शकतो. आला तर येऊ द्या. यजमानांना एवढंच सांगा, की एका रविवारी स्वतःची गाडी धुताना त्याला बोलवा आणि एखादा नट त्याला आवळू द्या. बापानं विचारलेलं ‘हे कसं निघतं रे?’ हे एक वाक्य ते जुनं वाक्य पुसायला लागेल.

दुकानाची काळजी तुम्हाला वाटते ती रास्त आहे. मूल कुणाबरोबर बसतं हे आईवडिलांना ठाऊक असायलाच हवं. स्वतः जाऊन त्या काकांना भेटा, याचा त्रास होतो का विचारा, तो तिथं काय करतो ते ऐका. उघड्यावर, रस्त्यालगत बसायचं, दुकानदाराबरोबर किंवा आणखी कुणाबरोबर कुठं आत किंवा दूर जायचं नाही, कुणाच्या वागण्यानं कसंतरी वाटलं तर लगेच घरी येऊन सांगायचं, हे मुलाशी मोकळेपणानं बोला. वेळ ठरवून द्या, रविवारी दीड तास म्हणा. काका गिऱ्हाइकांत गुंतले असले तर मधे लुडबुडायचं नाही. आणि महिन्यातून एकदा घरचा डबा त्यांना जाऊ द्या. त्यांच्याकडून आपलं मूल शिकतंय.

घरात त्याला एक कोपरा द्या. पडवीच चालेल. एक जुनं पोतं किंवा चादर अंथरायला, एक डबा स्क्रूंसाठी, दोन-तीन आकारांचे स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड, एक पाना. एवढं पाचशे रुपयांच्या आसपास होतं, नाहीतर घरच्या माळ्यावरच निघतं. खोलायला काय द्यावं? बंद पडलेलं घड्याळ, मोडकी छत्री, कुलूप, सेल काढलेली बॅटरी, तीनचाकी, स्टेपलर. काय अजिबात देऊ नये ते नीट लक्षात ठेवा. मायक्रोवेव्ह, जुना डबा टीव्ही आणि इन्व्हर्टर यांत प्लग काढल्यावरही जबर झटका बसेल एवढी वीज साठून राहते. मोबाइलची फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. पंखा, मिक्सर यांसारखं विजेवर चालणारं भंगार द्यायचंच झालं तर मोठ्या माणसानं आधी वायर बुडापासून कापून टाकावी, म्हणजे ते पुन्हा बोर्डात घातलं जाणार नाही. आणि मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय ते उघडायचं नाही.

सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या यांच्यापासून त्रिकोण, चौकोन, घरांचे सांगाडे करायचे खेळ अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशात होशंगाबादला गावातल्या शाळांबरोबर काम करताना बनवले. त्यांची खेळणी इंटरनेटवर फुकट बघता येतात, मराठीतही बरंच आहे. पण ते त्याच्यापुढं ‘हे कर’ म्हणून ठेवू नका. तुम्ही स्वतः एक त्रिकोण करून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून द्या. त्याला वाटलं तर तो उचलेल, नाही वाटलं तर राहू द्या.

आणि त्याला विचारायचं कसं? ‘काय बनवलंस? दाखव’ यापेक्षा ‘आज कुठं अडलं?’ विचारून बघा. पहिल्या प्रश्नात त्याला काहीतरी पुरं करून दाखवावं लागतं. दुसऱ्यात तो जिथं आहे तिथून बोलू शकतो.

मुलीबद्दल तुम्ही फार थोडं लिहिलंय. ‘तिचं काही टेन्शन नाही’, एवढंच. ताई, दहावीचं वर्ष, पेटी, वक्तृत्व, आणि घराचं सगळं कौतुक तिच्या एकटीच्या खांद्यावर. एखाद्या वर्षी ढाल आली नाही तर मी घरात कोण, हा प्रश्न तिलाही पडत असेल. तिलाही एकदा विचारा, की या वर्षी पेटी नुसती करमणुकीसाठी वाजवावी असं वाटतं का. परीक्षा पुढं ढकलायला काही हरकत नाही. शोकेसमधल्या ढाली काढून टाका असं मी म्हणत नाही, त्या तिनं मेहनतीनं मिळवल्यात. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दाखवायचं काम थांबवा. भावंडांचं एकमेकांशी काय चाललंय ते तुमच्या नजरेआड होऊ द्या थोडं. पेटीचा भाता खोलून साफ करायची वेळ आली की ती कुणाला हाक मारेल असं तुम्हाला वाटतं?

हे वाचणाऱ्या इतरांपैकी काही जण म्हणतील, आमच्या मुलाला सायकलचं दुकानही नको, त्याला फक्त मोबाइल हवा. मोबाइलवर मूल काय बघतं ते आठवडाभर न रागावता पाहा. सारखं क्रिकेट बघतं, की माशांचे व्हिडिओ, की कुणीतरी केक करताना? तिथं धागा सापडतो बऱ्याचदा. तो धागा घरातल्या खऱ्या वस्तूकडं न्यायचा, मग ती मासळी बाजाराची फेरी असो की भांडंभर पीठ. आणि मुलाचा दिवस बघा. शाळा, शिकवणी, क्लास, गृहपाठ यात त्याला स्वतःचा असा एक तास तरी उरतो का? या वयाच्या मुलांना रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. ती आणि मोकळा वेळ कापून आपण क्लास भरतो, आणि थकलेलं मूल फोन घेऊन आडवं होतं. कंटाळा येण्याइतका रिकामा वेळ मिळाल्याशिवाय मूल स्वतःहून काही धरत नाही. पहिले पंधरा दिवस तो कंटाळा तुम्हाला सोसावा लागेल, कटकट होईल, हे गृहीत धरा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही घरानं टाळू नये. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास किंवा चिडचिडं असेल, झोप-भूक बिघडली असेल, ज्यात जीव रमायचा तेही सोडलं असेल, मित्र टाळत असेल किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोललं असेल, तर आवडीनिवडीचा विचार मागं ठेवा आणि समुपदेशकांकडं किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडं जा. तालुक्याच्या गावी कुणी सापडत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मुलाला कुणी त्रास देत असेल, मारत असेल, तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तसं वाटत नाही, कारण दर रविवारी तो आपणहून दुकानात जातोय. ज्या रविवारी तो गेला नाही, आणि पुढच्याही नाही, तेव्हा मला लगेच लिहा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मशीन भंगारात देऊ नका. पडवीत अडचण होत असेल तर सगळे भाग एका पाटीत भरून ठेवा, पण ते त्याला सांगून, त्याच्याच हातानं. तीन आठवडे झाले म्हणजे त्यानं सोडून दिलं असं समजू नका, बहुधा तो अडलाय. पायमशीनमध्ये शटल परत बसवताना आणि पट्टा चढवताना मोठी माणसंही अडतात. सासूबाईंनी त्याच मशीनवर वर्षानुवर्षं पोलकी शिवली असतील. शटल कसं बसतं ते त्यांच्या बोटांना अजून माहीत असेल. एका दुपारी त्या दोघांना पडवीत बसू द्या, मशीनच्या तेलाची बाटली तेवढी आणून ठेवा, आणि तुम्ही तुमच्या कामाला जा.